दहापैकी किती द्याल? अकरावीची इंग्रजी चाचणी आणि एक वासरू

चौथा_तास
सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवतो. कला शाखा. निम्मी मुलं एसटीने येतात. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गात मी, फळा आणि पहिल्या बाकावरच्या चार मुली उरतो. हे रडगाणं नाही, वेळापत्रक सांगतोय.

विषय असा. अकरावीला आलेल्या मुलांना इंग्रजी येतं किती, हे दहावीच्या गुणपत्रिकेवरून मला कळत नाही. ७८ मिळवलेल्या मुलीला घरातल्या माणसांविषयी स्वतःची पाच वाक्यं लिहिता येत नाहीत. ४१ वाला मुलगा मात्र खताच्या पिशवीवरचं वाचून मला अर्थ सांगतो. मग एका रविवारी दहावीचा पेपर घेऊन बसलो आणि हिशेब केला. ८० गुणांत व्याकरण १०, पुस्तकातले उतारे २०, कविता १०, न पाहिलेला उतारा सारांशासकट १५, लेखन २०, अनुवाद ५. आता यात मुलाला आधी कधीच न भेटलेलं इंग्रजी किती? उताऱ्याचे १५, आणि फार तर अनुवादातलं एखाद-दुसरं वाक्य. पुस्तकातल्या उताऱ्यांचे प्रश्न गाईडात उत्तरांसकट असतात. पत्रं पाठ असतात. वरचे तोंडी परीक्षेचे २० शाळेच्याच हातात, त्यावर मी बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

म्हणून यंदा स्वतःच ४० गुणांची चाचणी बनवली. चार भाग, प्रत्येकी १०.

पहिला, श्रुतलेखन. सहा साधी वाक्यं. जुनाट वाटेल, पण मुलाला शब्द ऐकू येतो का, वाक्य कुठे संपलं ते कळतं का, हे दहा मिनिटांत उघडं पडतं.

दुसरा, क्लोझ. अमेरिकेतल्या विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली पद्धत. पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं, पुढे दर सातवा शब्द गाळायचा, तो मुलाने भरायचा. काय गाळायचं हे मास्तर ठरवत नाही, मोजणी ठरवते, त्यामुळे मास्तरच्या आवडीची क्रियापदं येत नाहीत.

तिसरा, कापसाच्या जिनिंगवर मीच लिहिलेला उतारा आणि पाच प्रश्न. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं मराठीतच लिहायची. इथे काही जणांच्या भुवया वर जातील, माहीत आहे. पण मला बघायचं होतं की समजलं का. समजलं पण लिहिता आलं नाही हा वेगळा रोग, त्याचं औषधही वेगळं.

चौथा, आठ-दहा वाक्यं : काल रात्री तुमच्या घरी काय झालं? याचं गाईड निघत नाही.

आता मुद्द्याचं. चौथ्या भागातलं एक उत्तर खाली जसंच्या तसं देतो. स्पेलिंगच्या चुका देवनागरीत दाखवता येत नाहीत, त्या मनाने धरून चला. सात-आठ आहेत.

«यस्टरडे नाईट लाईन इज गो. माय काऊ इज शाउटिंग. माय फादर टेल मी होल्ड टॉर्च. आय ॲम होल्डिंग टॉर्च बट माय हँड इज शेकिंग. फर्स्ट कम टू लेग. फादर पुल, पुल, पुल. काफ फॉल डाऊन. बट काफ नॉट ब्रीदिंग. फादर टेक ग्रास अँड पुट इन नोज. देन काफ डू हाक्छी. माय मदर क्राइंग अँड लाफिंग. आय ॲम स्लीप फोर ओ'क्लॉक.»

दहापैकी किती द्याल? आधी आकडा लिहा, मग कारण. दुसऱ्याचं वाचून आपला आकडा बदलू नका.

---

लाल_पेन
सोमवार, रात्री १०.०५

३.

आशय ३ पैकी २, मांडणी २ पैकी १, भाषा ३ पैकी ०, शुद्धलेखन २ पैकी ०. मी निवृत्त आहे, पण अनेक वर्षं परीक्षक आणि नंतर मॉडरेटर होतो, म्हणून हे हिशेब हातात बसलेत. बारा वाक्यांत काळ एकदाही नीट वापरलेला नाही. भावना तपासायला आपण बसलेलो नाही.

---

उलंगवाडी
सोमवार, रात्री १०.३१

मास्तर, मी इंग्रजीत दहावीलेच आडवा झालो व्हतो, म्हून माहा आकडा हिशेबात धरू नका. पन पोट्ट्याच्या बाजूनं बोलतो. लाईन गेली, अंधारात टॉर्च धरला, हात थरथरून राहिला, वासराचे पाय आंधी आले, बापानं ओढलं, नाकात काडी घातली, वासरू शिंकलं, मायच्या डोयात पानी. समदं समजलं ना? मंग मार्क काहून कापाचे?

माह्याकून ९. एक कापला तो गाय कोन्या जातीची व्हती थे लेहलं नाही म्हून.

---

पुण्यातला_वऱ्हाडी
सोमवार, रात्री ११.१२

६. गोष्ट पोचली, भाषा लंगडली.

एक गंमत. बायकोला वाचून दाखवलं. ती इथलीच, सदाशिव पेठेतली. पहिल्याच वाक्याला अडली, 'कसली लाईन?' तिला वाटलं रांग. आपल्याकडे वीज जात नाही, लाईन जाते, हे तिला कुठून माहीत असणार? मग ती म्हणाली ४. मी म्हटलं, बघ, तुझ्या-माझ्यातल्या दोन मार्कांत पोराची काहीच चूक नाही, तो फक्त तुझ्या गावाला जन्मला नाही. त्यावर आमच्यात दहा मिनिटं जे झालं ते धाग्याच्या विषयाबाहेरचं आहे.

---

झाडीपट्टीवाली
मंगळवार, सकाळी ६.५०

५.

सर, मी गडचिरोलीकडे शिकवते, इयत्ता तुमचीच. तुमच्या मुलाच्या चुका मला रोजच्या ओळखीच्या वाटल्या, म्हणून जरा लांबण लावते.

चुकांची संख्या मोजू नका, त्या कुठून आल्या ते बघा. या बारा वाक्यांत मुळात मोजक्याच चुका आहेत, त्या पुन्हा पुन्हा आल्यात.

'लाईन इज गो', 'आय ॲम स्लीप'. पहिलीपासून आपण फळ्यावर लिहितो, इज म्हणजे आहे. पोरगं मनात म्हणतं, लाईन गेली आहे. आहे म्हणजे इज, गेली म्हणजे गो. त्याचं गणित बरोबर आहे, आपणच दिलेलं सूत्र वापरलंय त्याने.

आणि 'शाउटिंग', 'होल्डिंग', 'शेकिंग' बघा. इथे इज आणि आयएनजी दोन्ही जागेवर. का? कारण आपल्याकडे 'ओरडून राहिली', 'धरून राहिलो', 'थरथरून राहिला'. वऱ्हाडी पोरांच्या तोंडात चालू क्रिया वेगळी काढून ठेवलेली असते, ती इंग्रजीत आपोआप उतरते. 'माय हँड इज शेकिंग' हे वाक्य सुटं घेतलं तर पूर्ण शुद्ध आहे. फक्त गोष्ट कालची आहे म्हणून 'वॉज' हवं होतं. पुढे हाच फायदा अंगावर उलटतो. 'समजून राहिलं' वरून 'आय ॲम अंडरस्टँडिंग' आणि 'त्याच्याजवळ दोन बैल आहेत' वरून 'ही इज हॅविंग टू बुलक्स' येतं. समजणं आणि जवळ असणं ह्या इंग्रजीला चालू क्रिया वाटत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ए, ॲन, द चं तर बोलूच नका. मराठीत तो पदार्थच नाही. माझ्या वर्गात क्लोझ दिलं तेव्हा मुलांनी गाय, नदी, बाजार सगळं भरलं आणि 'द' च्या जागा रिकाम्या सोडल्या. त्यांना तिथे काही हरवलंय असं वाटतच नव्हतं.

आमच्याकडची आणखी भर म्हणजे झाडीबोली. इथे श आणि स यांत घरी कोणी भेद करत नाही. श्रुतलेखनात 'शी' ऐकून पोर 'सी' लिहितं, म्हणजे ती मुलगी आहे का समुद्र आहे, हे वाक्य संपल्यावर कळतं. याला मी शुद्धलेखनाचा मार्क कापत नाही, लाल_पेन सर रागावतील.

---

लाल_पेन
मंगळवार, दुपारी १.२०

रागावलो नाही. पण मॅडम, कारण कळलं म्हणून चूक बरोबर होत नाही. डॉक्टरला तापाचं कारण कळलं तरी थर्मामीटरवरचा आकडा तोच राहतो.

दुसरं, हे सगळं वर्गात ठीक. बोर्डाच्या गठ्ठ्यात परीक्षकाला त्या मुलाचं गाव माहीत नसतं, बोली माहीत नसते. नागपूर विभागाचा पेपर असो की अमरावतीचा, समोर आदर्श उत्तरपत्रिका असते आणि त्यात 'हाक्छी' नसतं. परीक्षक तपासतो, मॉडरेटर त्यातले काही पुन्हा तपासतो, वर चीफ मॉडरेटर. ही उतरंड एवढ्यासाठीच, की बुलढाण्याकडच्या मेहकर गावच्या मुलाला आणि चंद्रपूरकडच्या मूल गावच्या मुलाला एकच माप लागावं.

माप सदोष असू शकतं, हे कबूल. २०२३ च्या बारावीच्या इंग्रजीत कवितेवरच्या प्रश्नांत प्रश्नाच्या जागी परीक्षकांसाठीची सूचना छापली गेली आणि शेवटी ६ गुण द्यावे लागले. तेव्हा आम्ही जुने लोक फोनवर हसलो होतो आणि मनात ओशाळलोही होतो.

---

बारावी_नापास_दोनदा
मंगळवार, रात्री ८.१५

नाव वाचूनच कळलं असेल. इंग्रजीत पहिल्यांदा २९, दुसऱ्यांदा ३३, तिसऱ्यांदा ३८. आता वाशिम जिल्ह्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीक विमा, स्कॉलरशिप, पॅनकार्ड, सगळे फॉर्म. दिवसभर इंग्रजीच वाचतो. 'सर्व्हर इज बिझी' हे वाक्य मी माझ्या आईच्या नावापेक्षा जास्त वेळा वाचलं असेल.

२९ चं कारण ऐका. पत्र पाठ केलं होतं, गाईडातलं. जसंच्या तसं उतरवलं. वर उजव्या कोपऱ्यात 'युवर नेम, युवर ॲड्रेस' हेसुद्धा. मला वाटलं तेही पत्रातच आहे. सरांनी नंतर वर्गात सगळ्यांना वाचून दाखवलं. आता हसू येतं. पण मला सांगा, ज्या परीक्षेत मला पत्र येतं का हे बघायचं होतं, तिथे मी पत्र कुणाला लिहितोय हेच मला माहीत नव्हतं, आणि त्याच पाठांतरावर माझ्या शेजारच्याला ५ पैकी ४ मिळाले. त्याने फक्त नाव बदललं होतं.

माझी सूचना. पोरांना औषधाच्या डब्यावरचं लेबल द्या वाचायला. तणनाशक, कीटकनाशक, जे घरी असेल ते. कोणत्या रंगाचा त्रिकोण, वाऱ्याच्या कोणत्या बाजूने फवारायचं, उलटी झाली तर काय करायचं. लाल त्रिकोण सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन किती माणसं गेली ते सरांना सांगायला नको. त्या लेबलावरचे पाच प्रश्न ज्याला सुटले त्याला कॉम्प्रिहेन्शन आलं, असं मी समजतो.

---

चौथा_तास
मंगळवार, रात्री ९.३०

औषधाचं लेबल घेतलं. पुढच्या चाचणीत आहे. तुमच्या 'युवर ॲड्रेस' वर हसलो त्याबद्दल माफी, पण माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी असतो.

आकडे : ३, ९, ६, (वहिनींचे) ४, ५. एकच उत्तर, पाच माणसं, ३ पासून ९ पर्यंत. आणि हे सगळे शिकलेले, विचार करणारे लोक. उलंगवाडी भाऊ, तुम्हीसुद्धा धरूनच. म्हणजे मुलाचे मार्क मुलाने कमी आणि गठ्ठा कुणाच्या टेबलावर पडला याने जास्त ठरतात.

आता जिनिंगच्या उताऱ्याचं सांगतो. गेल्या वर्षी एका नमुना-संचातला उतारा दिला होता, मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर. पोरांची दाणादाण उडाली. एकाने एस्केलेटर म्हणजे ट्रॅक्टरचा भाग असं लिहिलं. म्हणून यंदा मुद्दाम कापूस. मजकूर साधा : वेचलेला कापूस गाडीने जिनिंगला जातो, तिथे सरकी आणि रुई वेगळी होते, रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, सरकीचं तेल आणि ढेप (जनावरांची पेंड) होते. शेवटी एका काकाची गोष्ट, त्याची गाडी जिनिंगच्या फाटकातून परत पाठवतात. ३४ मुलांपैकी बहुतेकांनी पाचातली चार उत्तरं बरोबर दिली. मी खूश. स्टाफरूममध्ये चहासुद्धा पाजला.

---

झाडीपट्टीवाली
मंगळवार, रात्री १०.०२

सर, चहाचे पैसे वाया गेले असं म्हणत नाही. पण एक करून बघा. तुमची दुसरी तुकडी असेल ना? त्यांना तेच पाच प्रश्न द्या. उतारा देऊ नका.

---

चौथा_तास
मंगळवार, रात्री १०.०४

उताराच नाही तर उत्तर कशाचं देणार?

---

झाडीपट्टीवाली
मंगळवार, रात्री १०.२६

तेच बघायचंय.

एक उदाहरण देते. मी मागे वर्गात असं वाक्य लिहिलं होतं :

द ग्लोर्प प्लिंक्ड टू व्हिम्बी स्नॅग्ज बिकॉज द ट्रून वॉज मॉफी.

यातल्या एकाही महत्त्वाच्या शब्दाचा अर्थ पोरांना माहीत नाही, बहुतेक मी भाकरी थापताना रचलेत. खाली प्रश्न : हू प्लिंक्ड द स्नॅग्ज? हाऊ मेनी स्नॅग्ज? व्हाय डिड द ग्लोर्प प्लिंक देम? पन्नास पोरांनी पटापट लिहिलं. द ग्लोर्प. टू. बिकॉज द ट्रून वॉज मॉफी. शंभर टक्के निकाल. मग विचारलं, ग्लोर्पने नक्की काय केलं रे? वर्ग गप्प. मागून एक जण म्हणाला, मॅडम, प्लिंकवलं.

आपले निम्मे आकलनाचे प्रश्न असेच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्या ओळीवर बोट ठेवायचं, ओळ उतरवायची. याला आमच्याकडे पोरं 'ओळ पकडणं' म्हणतात. डोळे लागतात, भाषा लागत नाही.

तुमच्या उताऱ्यात याच्या उलटा धोका आहे. पोरांना कापूस एवढा पाठ आहे, की उताऱ्याकडे बघायचीच गरज नाही.

---

लाल_पेन
बुधवार, सकाळी ७.१५

मॅडमचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. ट्रून नक्की का मॉफी होती, यावर काल रात्री थोडा विचारही केला.

व्याकरणाच्या प्रश्नांतही हेच 'ओळ पकडणं' चालतं, ते सांगतो. इनडायरेक्ट स्पीच. मराठीत आपण सहज म्हणतो, 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' 'मी' तसाच, 'उद्या' तसाच, काळ तसाच. आपली भाषा दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पुढे देते. इंग्रजीत मात्र आय चा ही, विल चा वुड, टुमारो चा द नेक्स्ट डे. मुलाला हा सगळा खटाटोप कशासाठी हेच कळत नाही, मग तो तक्ता पाठ करतो. तक्त्यावर मार्क पूर्ण मिळतात. नंतर त्याला 'काल आई तुला काय म्हणाली ते लिही' असं सांगा, तो पुन्हा 'मदर सेड दॅट यू गो' वर येतो. ३० वर्षं मी या प्रश्नाला पूर्ण गुण दिले आणि नेमकं काय मोजलं, ते मला आज नीट सांगता येणार नाही.

आणि 'नो सूनर'. हे मात्र सांगू शकतो. बारावीच्या पेपराबाहेर 'नो सूनर डिड' वापरलेला जिवंत माणूस मी पाहिलेला नाही.

---

उलंगवाडी
बुधवार, दुपारी २.४०

सर, तुमी असे नरम पडले त मजा नाही येत. ३ वर ठाम राहा.

---

पुण्यातला_वऱ्हाडी
बुधवार, रात्री ११.३०

आकडेवारी टाकतो, कोणाला हवी असेल तर. असर म्हणजे 'प्रथम' संस्थेची ग्रामीण शिक्षणाची पाहणी. तिचा २०२३ चा अहवाल खास १४ ते १८ वयोगटाचा होता, २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारे ५७.३ टक्के. जे वाचू शकले त्यांतल्या ७३.५ टक्क्यांना अर्थ सांगता आला. गुणाकार केला तर शंभरातली साधारण बेचाळीस मुलं वाचून अर्थ सांगतात. आणि ही वाक्यं अगदी सोपी, चार-पाच शब्दांची असतात. असरवाले घरी जाऊन, एकेका मुलासमोर बसून वाचून घेतात आणि अर्थ त्याच्या भाषेत विचारतात. म्हणजे चौथा_तास सरांनी मराठीत उत्तरं मागितली ती काही वर्गातली सूट नव्हे, चांगली रीत आहे.

३ ते ९ च्या गोंधळावर एक उपाय ऑफिसात वापरलेला सांगतो. नोकरीसाठीचे लेखी नमुने तपासताना आम्ही मार्क देत नाही, दोन कागद शेजारी ठेवतो आणि एवढंच विचारतो, यातलं बरं कोणतं? असं पुष्कळ जोड्यांवर, चार-पाच वेगवेगळ्या माणसांनी केलं की क्रम आपोआप लागतो. थर्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली याचं गणित मांडलंय. माणसाला '१० पैकी ६' सांगता येत नाही, पण 'हे त्याहून बरं' हे बऱ्यापैकी सांगता येतं. बैलबाजारात कोणी बैलाला दहापैकी मार्क देत नाही.

---

बारावी_नापास_दोनदा
गुरुवार, सकाळी ९.१०

बेस्ट ऑफ फाइव्हचं कोणी बोललं नाही. दहावीला टक्केवारी सहा विषयांतल्या चांगल्या पाचांची धरतात. आमच्या सेंटरवर ८५ टक्क्यांचे पेढे घेऊन येतात, आणि अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मात 'मदर टंग' म्हणजे काय ते मला विचारतात. इंग्रजी सहावा विषय होऊन बाहेर बसलेला असतो. पास झाला की झालं. बारावीला मात्र इंग्रजी सगळ्याच शाखांना लागतं, तिथे मग माझ्यासारखे सापडतात.

---

चौथा_तास
गुरुवार, रात्री ९.५५

केलं. 'ब' तुकडीला आज पाच प्रश्न दिले, उतारा दिला नाही. पोरं म्हणाली, सर, उताऱ्याचा कागद राहिला. म्हटलं, राहू दे, जमेल तेवढं लिहा.

सरकी कशापासून वेगळी होते, गाठ कशाची बांधतात, ढेप कोणाला घालतात, जिनिंगला गर्दी कधी असते. चारही प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी सोडवले. उताऱ्याशिवाय. 'अ' तुकडीच्या तोडीस तोड. मी मोठ्या हौसेने इंग्रजी आकलन मोजायला गेलो आणि मोजलं काय, तर कापूस. त्यात आमच्या पोरांना पैकीच्या पैकी मिळणारच होते, त्यासाठी परीक्षेची काय गरज?

पण पाचवा प्रश्न. काकाची गाडी परत का पाठवली? 'ब' तुकडीतल्या एकूण एकाने लिहिलं, कापूस ओला होता. काहींनी इंग्रजीत, 'कॉटन इज वेट'. स्वाभाविक आहे, घरोघरी तेच ऐकतात. कापूस ओला आहे, कवडी (डागी, खराब) आहे, भाव पाडा. मी मात्र उताऱ्यात लिहिलं होतं की त्या दिवशी वजनकाटाच बंद होता. हे मी ठरवून केलं नव्हतं, लिहिता लिहिता सुचलं होतं.

मग 'अ' तुकडीचे कागद पुन्हा काढले. उतारा समोर असूनही ३४ पैकी १९ जणांनी 'ओला होता' लिहिलंय. म्हणजे त्यांनी वाचलंच नाही, किंवा वाचलं आणि घरच्या अनुभवाने उताऱ्याला हरवलं. १५ जणांनी 'काटा बंद' लिहिलं. माझ्या आख्ख्या उताऱ्यात खरं आकलन मोजणारा एकच प्रश्न होता आणि तोही चुकून पडलेला.

त्या १५ त वासराचा मुलगा आहे. ७८ वाली नाही. तिने मराठी उत्तरांच्या दोन्ही जागा कोऱ्या सोडल्यात आणि इंग्रजी उत्तरांत सुवाच्य अक्षरात बरोब्बर ओळी उतरवल्यात. तिला दोष देत नाही. दहा वर्षं आपण तिला हेच शिकवलं, आणि ती हुशार आहे म्हणून हे चांगलं शिकली.

पुढच्या वेळी प्रश्न काढताना आधी स्वतःला विचारणार आहे, उतारा न वाचणारा पोरगा याला काय उत्तर देईल? ते उत्तर बरोबर निघालं तर प्रश्न बाद. ते चुकीचं निघत असेल तर प्रश्न ठेवायचा.

---

झाडीपट्टीवाली
गुरुवार, रात्री १०.२०

वजनकाट्याचा प्रश्न मला हवाय. उतारा पाठवाल का? आमच्याकडे कापूस नाही, मी धानाचा करते. खरेदी केंद्रावरून गाडी परत आली, तर इकडची पोरं लिहितील बारदाना (पोती) संपला होता. तेव्हा माझ्या उताऱ्यात बारदाना भरपूर असेल, दुसरंच काहीतरी घडेल.

---

चौथा_तास
गुरुवार, रात्री १०.२४

पाठवतो. हस्ताक्षर सांभाळून घ्या, टाईप करायला वेळ नाही झाला.

---

लाल_पेन
शुक्रवार, सकाळी ७.०५

त्या मुलाचं उत्तर काल पुन्हा काढून वाचलं. 'स्नीझ' हा शब्द येत नव्हता तर तो वाक्य सोडून देऊ शकला असता. माझ्या गठ्ठ्यातली मुलं सोडूनच देत. त्याने ते वाक्य सोडलं नाही, 'हाक्छी' लिहून पुरं केलं.

साडेतीन. यापुढे माझा हात जात नाही.

---

उलंगवाडी
शुक्रवार, सकाळी ८.३०

सर, आज तुमच्या नावानं चा पाजतो समद्याईले.

मास्तर, एक राह्यलं. इतकं सारं बोलले तुमी लोकं, पन कोनं इचारलं नाही. गोऱ्हा झाला का कालवड?

---

चौथा_तास
शुक्रवार, दुपारी ४.४५

मधल्या सुट्टीत विचारलं. कालवड. दूध पिऊन राहिली, बरी आहे.

मग तोच म्हणाला, सर, 'काफ' लिहिलं तर गोऱ्हा का कालवड ते कळत नाही ना, वेगळा शब्द आहे का? म्हटलं आहे, हेफर. म्हणाला, स्पेलिंग सांगा. मी खडू उचलला आणि तिथेच अडलो. ई आधी का आय आधी, आठवेना. त्याला स्टाफरूममधून डिक्शनरी आणायला पाठवला.